पाषाणाची पारख : कान्हेरीच्या निमित्ताने

कान्हेरीच्या शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘कण्हसेल’ असे येते. ‘कण्ह’ म्हणजे काळा व ‘सेल’ म्हणजे शैल. नाव रंगावरून पडले. परंतु पाषाण ओळखण्याच्या कामी रंग हा सर्वांत दुबळा साक्षीदार होय. ऊन, पाऊस व शेवाळ यांमुळे दगडाचा पृष्ठभाग पालटतो. म्हणून परीक्षा नव्याने फुटलेल्या बाजूची करावी आणि एकाहून अधिक गुणधर्मांनी करावी.

अभिधम्मपरंपरेत पृथ्वीधातूचे लक्षण ‘कक्खळत्त’, म्हणजे कठीणपणा, असे सांगितले आहे. खनिजशास्त्रातही काठिण्य हीच प्रमुख कसोटी ठरते. फ्रीडरिख मोस यांनी १८१२ च्या सुमारास मांडलेल्या दहा पायऱ्यांच्या श्रेणीत नखाचे काठिण्य सुमारे २.५, तर काचेचे सुमारे ५.५ भरते.

गोरेगावात बांधकामासाठी येणाऱ्या काळ्या खडीत पुष्कळदा पांढरे खडे आढळतात. आपण त्यांना सरसकट गारगोटी म्हणतो. वस्तुतः ती निरनिराळी खनिजे असू शकतात. कॅल्साइटचे काठिण्य ३. ते तिरप्या चौकोनी पृष्ठांनी फुटते व त्याच्या भुकटीवर लिंबाचा रस टाकल्यास बुडबुडे येतात. झिओलाइट गटातील स्टिल्बाइटचे काठिण्य ३.५ ते ४ असून त्याला मोत्यासारखी चमक असते. क्वार्ट्झचे काठिण्य ७. ते काचेवर ओरखडा काढते आणि सपाट पृष्ठांनी न फुटता वेडेवाकडे फुटते.

खडक हा बहुधा अनेक खनिजांचा समुच्चय असल्याने त्याचे पोत व कणही पाहावे लागतात. बेसाल्ट हा काळसर, बारीक कणांचा व वजनदार असतो. मुंबईच्या जुन्या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत कुर्ल्याच्या बेसाल्टबरोबर वापरलेला मालाडचा दगड पिवळसर असून तो ट्रॅकाइट या वर्गात मोडतो. कान्हेरीचा खडक मात्र मुख्यतः ज्वालामुखीजन्य ब्रेक्सिया आहे. त्यात कोनेदार तुकडे बारीक द्रव्याने सांधलेले दिसतात.

ही पारख लेखवाचनासही उपयोगी आहे. असा एखादा तुकडा निखळल्यास उरलेली खाच ब्राह्मी अक्षराची रेघ किंवा स्वरचिन्ह भासू शकते. खडकाची घडण ठाऊक असलेला अभ्यासक तेथे थांबून पुन्हा पाहतो.

मात्र कान्हेरी हे संरक्षित स्मारक आहे. तेथे केवळ डोळ्यांनी वा भिंगाने निरीक्षण करावे. ओरखड्याची व आम्लाची परीक्षा रस्त्यावरच्या खडीवरच करावी.