जुन्या जीपमध्ये वायरलेस

गाडीत बसवायच्या वायरलेसचे तीन भाग असतात: संच, त्याला वीज पुरवणारी तार आणि टपावरची अँटेना. बाजारात चर्चा होते ती संचाची, आणि बहुतेकांचे पैसेही तिथेच संपतात. प्रत्यक्षात आवाज किती लांब आणि किती स्वच्छ पोचेल हे उरलेल्या दोन भागांवर ठरते. वीस-पंचवीस वर्षे जुन्या महिंद्रा जीपमध्ये किंवा जिप्सीत हे काम करताना तर साधा संच, जाड तार आणि चांगली अँटेना हाच खर्चाचा योग्य क्रम आहे.

त्याआधी परवाना. भारतात असा संच बाळगायला आणि वापरायला सरकारी परवानगी लागते. छंद म्हणून, आणीबाणीत मदत म्हणून किंवा प्रयोगासाठी हे करायचे असेल तर हॅम रेडिओचा परवाना हा सर्वांत सुटसुटीत मार्ग. तो दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो. 12 वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही रेडिओचे मूलतत्त्व आणि नियम यांची परीक्षा देता येते. वरच्या वर्गासाठी मोर्स संकेतही यावे लागतात. परवानाधारकाला ‘व्हीयू’ने सुरू होणारे स्वतःचे बोलचिन्ह मिळते. गाडीसाठी सर्वांत सोयीचा पट्टा म्हणजे 144 ते 146 मेगाहर्ट्झ, हॅम मंडळींच्या बोलण्यातला ‘दोन मीटर’. धंद्याच्या निरोपांसाठी तो वापरता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो. परवान्याशिवाय चालणारे पट्टेही आहेत. 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँड अल्पशक्तीच्या संचांना खुला आहे, पण तिथे पाव लहरीची अँटेना सुमारे पावणेतीन मीटर उंच होते. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा पट्टा हातात धरायच्या छोट्या संचांसाठी आहे; एकामागून एक चालणाऱ्या दोन-तीन गाड्यांना तो पुरतो.

परवाना हाती आला की संच. 25 वॅट आणि 50 वॅट यांत किमतीचा फरक मोठा असतो, कामाचा लहान. शक्ती दुप्पट झाल्याने फक्त 3 डेसिबल मिळतात. सिग्नल मीटरवर एक घर पुढे जायला शक्ती चौपट करावी लागते. म्हणून दुसऱ्या परवानाधारकाकडून घेतलेला, चालू स्थितीतला 25 वॅटचा जुना संच पुष्कळ झाला. कंपन्यांच्या ताफ्यांतून निघालेले संच दणकट असतात, पण त्यांच्या वाहिन्या संगणकाने भराव्या लागतात आणि त्यासाठी लागणारी केबल व प्रोग्रॅम दर मॉडेलला वेगळा असतो. ही सोय आहे की नाही ते पैसे देण्याआधी विचारावे. खिसा अगदीच तंग असेल तर 5 वॅटचा हातातला संचसुद्धा चालतो. मात्र त्याची रबरी अँटेना काढून बाहेरच्या अँटेनेची केबल जोडावी. पत्र्याच्या टपाखाली बसून रबरी अँटेनेवर बोलले तर बरीचशी शक्ती गाडीच्या आतच अडते.

जुन्या गाडीचे खरे काम विजेचे. बहुतेक गाड्या 12 व्होल्टच्या आणि ऋण टोक चासिसला जोडलेल्या असतात, पण हे गृहीत धरू नये. विलीज जीप मूळची 6 व्होल्टची होती आणि काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक चासिसला असते. संचाची धातूची पेटी आतून ऋण टोकाला जोडलेली असल्यामुळे अशा गाडीत ती थेट बोल्टने कसली की शॉर्टसर्किट होते. ट्रकमध्ये 24 व्होल्ट असतात. तिथे दोनपैकी एका बॅटरीवरून 12 व्होल्ट काढण्याचा मोह होतो, पण मग एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि थोड्याच दिवसांत दोन्ही बाद होतात. व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर घेणेच स्वस्त पडते.

संचाची तार थेट बॅटरीपासून आणावी. सिगारेट लायटरचे सॉकेट किंवा डॅशबोर्डमागची एखादी मोकळी तार हे काम पेलत नाही. 50 वॅटचा संच बोलताना 10 ते 12 अँपिअर ओढतो. बॅटरी ते संच 3 मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन 6 मीटर तांबे होते. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत 12 अँपिअरला जवळजवळ 0.8 व्होल्ट वाटेतच गळतात. 4 चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच गळती 0.3 व्होल्टवर येते. संच 13.8 व्होल्टसाठी बनवलेला असतो, त्यामुळे इंजिन बंद असताना हा फरक चांगलाच जाणवतो. घरच्या वायरिंगसाठी विकली जाणारी 4 चौरस मिलिमीटरची बहुतारी वायर इथे उत्तम चालते.

फ्यूज दोन्ही तारांना हवा, आणि तोही बॅटरीजवळ. ऋण तारेला फ्यूज कशाला, असा प्रश्न पडतो. जुन्या गाडीत इंजिन आणि चासिस यांना बॅटरीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा तुटायला आलेली असते. ती तुटली की स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो, आणि अँटेनेच्या केबलवरून संचात शिरून संचाच्या ऋण तारेने बॅटरीकडे जातो. तिथला फ्यूज त्या क्षणी उडाला नाही तर तार आणि संच दोन्ही जळू शकतात. म्हणून काम सुरू करताना ही पट्टी खोलून, टोके पॉलिश पेपरने घासून परत घट्ट बसवावी. खर्च जवळजवळ शून्य, आणि कित्येकदा गाडी सुरू न होण्याची जुनी तक्रारही यातच मिटते. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून तार नेताना भोकात रबरी ग्रोमेट घालावा. तो नसेल तर कंपनाने पत्र्याची धार आवरण कापते. स्टार्टर मारताना संच बंद ठेवावा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ही ऑल्टरनेटरची खूण. थेट बॅटरीवरून तार घेतल्याने ती बहुधा जाते. तरीही राहिली तर ऑल्टरनेटरचा एखादा डायोड गेला आहे का ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. डायनॅमोच्या गाडीत ब्रश झिजले की खरखर येते. तिथे मुख्य टोकाला कपॅसिटर लावतात, मात्र फील्डच्या टोकाला कधीही नाही, रेग्युलेटर बिघडतो. प्यूजो इंजिनाच्या डिझेल जीपला एक फायदा आहे. तिला स्पार्क प्लग नसल्यामुळे ठिणग्यांची टकटक मुळातच नाही.

आता अँटेना. 145 मेगाहर्ट्झला पाव लहर म्हणजे प्रत्यक्षात सुमारे 49 सेंटिमीटरची सळई, आणि तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे खालचा पत्रा. म्हणूनच टपाचा मध्य ही सर्वोत्तम जागा. चुंबकाच्या बैठकीला पोलादी टप लागतो. ताडपत्रीच्या हूडाच्या जीपला तो नसतो. तिथे बोनेटच्या कडेला किंवा मडगार्डवर पट्टी कसावी, अथवा खाली पत्रा न लागणारी अर्ध्या लहरीची अँटेना मागच्या चौकटीवर लावावी. पितळी किंवा स्टेनलेस सळई, बैठक आणि कनेक्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत शोधता येतात. केबल आरजी-58 चालते, पण हवी तेवढीच घ्यावी: या पट्ट्यात 5 मीटरमागे साधारण 1 डेसिबल जातो. उरलेली केबल गुंडाळून सीटखाली कोंबण्यात अर्थ नाही.

सळई आधी 52 सेंटिमीटर ठेवावी आणि अँटेनेकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर लावून कमी शक्तीवर, मोकळ्या जागी, दारे आणि बोनेट बंद करून मोजावे. पट्ट्याच्या खालच्या टोकाला आकडा कमी आणि वरच्या टोकाला जास्त असेल तर सळई लांब आहे. तीन-तीन मिलिमीटर कापत जावे. 1.5 आला की थांबावे, कारण तिथे परत येणारी शक्ती अवघी 4 टक्के असते. 3 वर मात्र ती 25 टक्के होते आणि संच तापतो. मीटर विकत घेण्याची गरज नाही, एखाद्या जुन्या हॅमकडे तो असतोच. शेवटी बोलताना संचाच्या टोकाला आणि बॅटरीला मल्टिमीटर लावून पाहावा; अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुठला तरी सांधा सैल आहे.

पल्ल्याची अपेक्षा भूगोल पाहून ठेवावी. 2 मीटर उंचीच्या दोन अँटेनांमध्ये सपाटीवर सरळ वाट साधारण 12 किलोमीटरची असते. घाटाच्या वळणामागे ती पहिल्याच डोंगराशी संपते. सिंहगडासारख्या आसपासच्या सपाटीहून 700 मीटर उंच जागेवरून तीच 100 किलोमीटरपलीकडे जाते. आलेला संदेश पुन्हा पुढे प्रसारित करणारे रिपीटर शिखरांवर बसवतात ते यासाठी.

पावसाळ्याआधी केबलचे बाहेरचे सांधे स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळावेत आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकते. एकदा पाणी आत गेले की तांब्याची जाळी काळी पडत जाते आणि एसडब्ल्यूआर दिसायला उलट चांगला दिसतो, कारण शक्ती केबलमध्येच जिरते. अशा वेळी लखलखीत तांबे लागेपर्यंत केबल कापावी; हातभर कापूनही ते लागले नाही तर केबल नवी टाकावी.