केव्हा तापते, ते आधी सांगा
जुन्या गाडीची निगा : लेखांक ७

तात्यापारा चौकातून शारदा चौकाकडे जाणारा रस्ता जुन्या गाडीच्या रेडिएटरची परीक्षाच घेतो. आमापाऱ्याकडून रुंद येणारा जी. ई. रोड इथे एकदम आखडतो. रुंदीकरणाची चर्चा वर्षानुवर्षं ऐकू येते आणि गाड्या मात्र एकामागे एक सरकत राहतात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, समोरून वाऱ्याची झुळूकही नाही. रायपूरच्या या जुन्या मराठी वस्तीत अजूनही अनेक घरांसमोर मारुती ८०० किंवा झेन उभी दिसते. पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतलेल्या, जिवापाड जपलेल्या या गाड्या. त्यांच्या मालकांची उन्हाळ्यातली तक्रार एकच असते : गाडी गरम होते.

ही तक्रार अर्धीच आहे. गर्दीत उभी असताना गरम होते, की हायवेवर पळताना? चालू केल्यावर पाच मिनिटांत, की तासाभराने? चढावर, की एसी लावल्यावर? एवढं नीट सांगता आलं, तर दोष कुठे असेल हे बॉनेट उघडण्याआधीच निम्म्याहून अधिक कळतं. ते न विचारता सुटे भाग बदलत गेलं, की पैसे जातात आणि तापमानाचा काटा पुन्हा लालवर येतो.

पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कूलंटमध्ये उतरते. ती बाहेर टाकायला तीन गोष्टी लागतात : पुरेसं कूलंट, ते फिरवणारा वॉटर पंप आणि रेडिएटरमधून जाणारी हवा. गाडी वेगात असली की हवा आपोआप मिळते. उभी असली की सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून जी गाडी फक्त गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागताच शांत होते, तिचा पंखा सर्वांत आधी तपासायचा.

परिचयातल्या एका निवृत्त काकांची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० अशीच होती. गॅरेजमध्ये वॉटर पंप नवा बसवून झाला, होज पाइप बदलले, कूलंटही नवं भरलं. तरी शारदा चौक येईपर्यंत काटा वर. रात्री रिकाम्या रस्त्यावर मात्र गाडी एकदम ठणठणीत. घरासमोर गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं. काटा अर्ध्याच्या वर गेला, तरी पंखा गप्प. बॅटरीवरून मोटरला थेट तार जोडली, तरी तो फिरेना. इंजिन बंद करून, हात पात्यांपासून दूर ठेवून मोटरच्या पाठीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं आणि पंखा सुरू झाला. मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेले होते. थेट तारेवर मोटर फिरली असती, तर मोटर चांगली आणि दोष फ्यूज, रिले किंवा थर्मो स्विचमध्ये, असा अर्थ निघाला असता. ही तपासणी घरच्या घरी होते. फक्त विजेवरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, हे लक्षात ठेवून बोटं लांब ठेवायची.

अ‍ॅम्बॅसिडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली प्रीमियर पद्मिनी चालवलेल्यांची इथे एक सवय आडवी येते. त्या गाड्यांचा पंखा पट्ट्याने इंजिनलाच जोडलेला असायचा. गर्दीत न्यूट्रल करून ॲक्सिलरेटर थोडा दाबला की पंखाही जोरात फिरे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि घरोघरी विजेवरचा पंखा पोहोचला. तो इंजिनच्या वेगाकडे पाहत नाही, तापमान ठरावीक अंशांवर गेलं की सुरू होतो. ॲक्सिलरेटर दाबून त्याचा वेग वाढत नाही.

आता उलट प्रकार. गावात गाडी ठीक, पण नागपूरला निघाल्यावर राजनांदगाव मागे टाकून बाघनदीच्या दिशेने ऐंशी-नव्वदच्या वेगात काटा चढतो. किंवा जगदलपूरच्या वाटेवर केशकालच्या घाटात. हवा भरपूर आहे, म्हणजे पंख्याचा दोष नाही. इथे संशय रेडिएटरवर, थर्मोस्टॅटवर किंवा पंपावर घ्यायचा. आधी रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्या मधली फट टॉर्चने पाहावी. छत्तीसगडात धानाच्या हंगामानंतर तिथे भुसा, धूळ आणि किडे यांचा थर बसतो. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाण्याची साधी धार सोडली की तो निघतो. जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरच्या पातळ पट्ट्या मुडपतात, ते टाळावं.

बाहेरून रेडिएटर स्वच्छ असूनही गाडी तापत असेल, तर आत पाहायला हवं, आणि रायपूरकरांसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. आपलं शहर चुनखडीच्या खडकावर वसलं आहे. बलौदाबाजार, तिल्दा भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच दगडामुळे. तोच चुना बोअरच्या पाण्यात उतरतो. घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या अरुंद नळ्यांमध्ये आणि इंजिनच्या पाण्याच्या वाटांत चढतो. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकत राहिलं की नळ्या एकेक करून बुजतात. गावातल्या हळू चालीला उरलेल्या नळ्या पुरतात, हायवेवर पुरत नाहीत. गाडी तापवून, इंजिन बंद करून, पंख्याची तार काढून रेडिएटरच्या जाळीवरून हात जवळून फिरवला, तर बुजलेला भाग थंड लागतो. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर कारागीर टाकी उघडून रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून देतो. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा असेल तर बदललेला बरा. पुढे मात्र तयार कूलंट, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, एवढंच भरावं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. गंज आणि थर रोखणं हे त्याचं इथलं खरं काम आहे.

रेडिएटरच्या टोपणाकडे फार कमी लोक लक्ष देतात. त्यावर बहुधा ०.९ असा आकडा असतो. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर असल्यामुळे इथे साधं पाणी ९९ अंशांवर उकळतं. टोपणाने धरलेल्या दाबामुळे तेच ११८ च्या आसपासपर्यंत उकळत नाही. टोपणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर चिरलं, की हा सगळा आधार जातो. सकाळी रेडिएटर कमी आणि बाजूची बाटली काठोकाठ, असं दिसलं तर टोपण बदला. काही शे रुपयांच्या आतलं काम आहे.

थर्मोस्टॅटबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचं आहे. गाडी तापली की हा वॉल्व्ह काढून फेकायचा आणि पंखा डायरेक्ट करायचा, हा आपल्याकडचा रुळलेला उपाय आहे. मला तो मान्य नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो आणि इंजिनला योग्य उष्णतेवर ठेवतो. तो नसेल तर डिसेंबर-जानेवारीत इंजिन गावात पुरेसं तापतच नाही, पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमध्ये ओल आणि गाळ धरतो. याहून वाईट म्हणजे बुजत चाललेला रेडिएटर हिवाळाभर झाकला जातो आणि मे महिन्यात एकदम दगा देतो. वॉल्व्हवर संशय असेल तर तो काढून, पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर ठेवून गॅसवर तपासा. उघडला नाही तर नवा बसवा.

बेल्टचं निदान डॅशबोर्डच करतो. मारुती ८०० सारख्या गाड्यांत वॉटर पंप आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर फिरतात. बॅटरीचा लाल दिवा आणि काटा दोन्ही एकदम वर आले, की पट्टा तुटला किंवा फार सैल झाला.

सर्वांत गंभीर दोष हेड गॅस्केटचा. थंड इंजिन टोपण उघडं ठेवून चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं, मिनिटाभरातच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणं, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसणं, ही त्याची लक्षणं. यातलं एकच दिसलं तर घाई करू नका, दोन-तीन एकत्र दिसली तर गाडी चालवू नका. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं की फेसिंगचा खर्च येतो, आणि बऱ्याच जुन्या गाड्या याच टप्प्यावर भंगारात जातात.

रस्त्यात काटा लालकडे निघाला, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा आणि काचा उघडा. मे महिन्यात हे नकोसं होईल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर आहे आणि तो इंजिनची उष्णता ओढून घेतो. तरीही काटा चढला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. लालवर गेलेला काटा गाडी चालू असतानाच अचानक खाली पडला तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला, की तो चुकीचं थंड दाखवतो. टोपण किमान अर्धा तास उघडायचं नाही आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतायचं नाही.

काढलेलं जुनं कूलंट गल्लीत किंवा उघड्या बादलीत ठेवू नका. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. गल्लीतली गाय किंवा कुत्रा ते चाटून मरू शकतो.

पुढच्या आठवड्यात बॅटरी आणि अल्टरनेटर. तोपर्यंत आपली गाडी केव्हा तापते, ते एका कागदावर लिहून ठेवा आणि गॅरेजमध्ये जाताना तो कागद बरोबर न्या.