साठी बुद्धी नाठी? आधी तपासणी करा!

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आजी-आजोबांचा वाढता विसर हसण्यावारी नेऊ नका. देवऋषाकडेही धावू नका. जर्मनीच्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली या रोगाच्या खुणा दाखवल्या, त्या रुग्ण वारल्यावर मेंदू तपासून. आज जिवंतपणी मेंदूचे चित्र घेता येते. एमआरआयमध्ये स्मरणाचा भाग आक्रसलेला दिसतो, तर विशिष्ट पेट स्कॅनमध्ये साचलेले अमायलॉइड प्रथिन. मात्र केवळ चित्रावरून निदान होत नाही. स्मरणशक्तीची चाचणी, रक्ततपासणीही लागते. अल्झायमर अजून बरा होत नाही. पण विसरण्यामागे डोक्याला मार लागून साकळलेले रक्त असेल, तर ते स्कॅनमध्ये सापडते आणि शस्त्रक्रियेने माणूस सावरू शकतो. म्हणून कोल्हापूरच्या बंधू-भगिनींनो, घरच्या वडीलधाऱ्यांना सीपीआरमध्ये किंवा जवळच्या डॉक्टरांकडे वेळीच न्या.