घरातला पत्ता बाहेर चालत नाही

चांदूर बाजारात घरच्या संगणकावर संत्र्याच्या सौद्यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या अमरावतीहून पाहू म्हटले, तर घरात नीट चालणारा डेटाबेस सर्व्हर (नोंदी साठवून मागताच देणारा प्रोग्रॅम) बाहेरून सापडत नाही. दोष बहुधा पासवर्डला दिला जातो. पण मागणी पासवर्डपर्यंत पोहोचलेलीच नसते.

कारण संगणकाचा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता खासगी, घराच्या जाळ्यापुरता असतो. वाड्यात ‘मधली खोली’ म्हटले की घरच्यांना कळते. पाकिटावर तेवढेच लिहिले तर पोस्टमन काय करणार? बाहेरून राउटरचा सार्वजनिक पत्ता लागतो. आलेली मागणी कोणत्या संगणकाकडे द्यायची, हेही राउटरला सांगावे लागते (पोर्ट फॉरवर्डिंग).

तरीही अडू शकते. डेटाबेस सर्व्हर पोस्टग्रेस असेल, तर तो मूळ मांडणीत फक्त स्वतःच्याच संगणकावरची मागणी ऐकतो. ती सेटिंग बदलावी लागते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर बहुधा दारापर्यंत पोहोचलो, पण ऐकणारे कोणी नाही. ‘टाइमआउट’ झाले तर फायरवॉलने (नको ती मागणी अडवणारी व्यवस्था) रोखले असावे, किंवा वाटच चुकली. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे (सीजीनॅट). मग घरच्या राउटरशी कितीही झटापट करा, व्यर्थ! कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा.

तपासणी मोबाइल डेटावरून करावी, घरच्या वायफायवरून नव्हे. आणि पोस्टग्रेसचा ५४३२ क्रमांकाचा पोर्ट (मागणी ऐकण्याचे दार) साऱ्या जगाला उघडा ठेवू नका. त्याऐवजी व्हीपीएन (घरच्या जाळ्याशी सुरक्षित खासगी जोडणी) वापरा.