कडी लागली, पण फट बुजली का?

सातपुड्याच्या पायथ्याची संग्रामपूर, वरवट बकाल, सोनाळा ही गावे मे महिन्यात कशी तापतात, हे तिथे एक दुपार काढलेल्याला सांगावे लागत नाही. वऱ्हाडातल्या जुन्या घरांवर पांढऱ्या मातीचे जाड धाबे असे. ऊन वरच अडे. धाब्याच्या जागी टिनपत्रे आली आणि धग थेट डोक्यावर उतरू लागली. मग पत्र्याखाली फॉल्स सिलिंग आणि त्यावर थर्माकोल किंवा ग्लासवूल, हा उपाय रुळला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८च्या ‘इको निवास संहिते’ने मोठ्या निवासी इमारतींच्या छतातून येणाऱ्या उष्णतेला मर्यादाही घातली: एका अंशाच्या फरकामागे चौरस मीटरला १.२ वॅट. पण हे माप छताच्या सलग थराचे आहे. माळ्यावर चढायच्या झडपेच्या कडेने हवा जाते-येते, ती या मापात बसत नाही.

दोन फूट बाय अडीच फूट झडपेचा घेर सुमारे २७० सेंटिमीटर भरतो. सभोवती तीन मिलिमीटरची फट राहिली, तर ८१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे नऊ बाय नऊ सेंटिमीटरचे भोक छताला पडल्यासारखे झाले. खोलीत एसी असेल, तर गार, जड हवा दाराखालून निसटते आणि तिची जागा घ्यायला माळ्यावरची तापलेली हवा या फटीतून खाली ओढली जाते.

फट बुजवते ती रबराची किंवा फोमची पट्टी. पण ती दाबली गेली तरच. कुकरची रिंगही झाकण घट्ट बसल्याशिवाय वाफ धरत नाही. म्हणून कडी निवडताना विचारायचे एवढेच: ही झडपेला नुसती अडवते, की चौकटीकडे ओढते?

कडी-कोयंडा, टॉवर बोल्ट, अल्ड्रॉप ही सगळी अडवणारी. त्यांच्यात थोडी ढिलाई असतेच आणि तेवढ्यात पट्टी सैल राहते. कपाटाचे चुंबकी कॅच तर खाली उघडणाऱ्या झडपेला कुचकामी, कारण झडपेचे वजन सतत त्याच्याविरुद्ध ओढत असते.

ओढणारे प्रकार दोन. पत्र्याच्या पेटीला असते तसली, आकडा अडकवून दांडी दाबायची खिट्टी. तिच्यातला स्क्रूचा आकडा फिरवून ताण कमीजास्त करता येतो, अशी घ्यावी. दुसरे, विजेच्या पॅनेलला असते ते पाव फेऱ्यात बसणारे लॉक. त्याची जीभ चौकटीमागे जाऊन झडप आत खेचते. झडप बिजागरीची असेल, तर समोरच्या बाजूला दोन कोपऱ्यांजवळ दोन खिट्ट्या हव्यात. एकच मधोमध लावली, तर कोपरे उघडे राहतात. सुटे झाकण असेल, तर चार. बिजागरीखाली पट्टीच्या दाबलेल्या जाडीइतकी पाचर घालावी, नाहीतर त्या बाजूला झडप बसतच नाही.

झडपेवरच्या थर्माकोलमध्ये स्क्रू टिकत नाही. खिट्टी प्लायवूडला, आरपार बोल्ट आणि मोठा वायसर घालून बसवावी. थर्माकोल पेट घेतो, म्हणून तो वायरिंगपासून लांब ठेवावा आणि खालून प्लायने झाकावा. झडप डोक्यावर आदळू नये म्हणून एक साखळीही लावावी.

बसवून झाल्यावर कडेत कागदाची पट्टी धरून झडप बंद करावी आणि कागद ओढावा. सहज निघाला, तर त्या जागी दाब नाही.

मात्र खोलीत डेझर्ट कूलर असेल, तर हिशेब बदलतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलत राहतो. तिला जायला वाट नसेल, तर दमटपणा साचतो. झडप बंद करावीच, पण समोरची खिडकी उघडी ठेवून. बाजारात जाताना आधी पट्टी घ्यावी, ती दाबून किती जाडी उरते ते मोजावे आणि मग त्या मापाची खिट्टी शोधावी. बहुतेक जण उलटे करतात, आणि खिट्टी लागत नाही म्हणून शेवटी पट्टीच काढून टाकतात.