टर्बो गेला की नळी फाटली?

आमच्याकडे एक जुनी ऑक्टाव्हिया आहे, १.८ लिटरची टर्बो पेट्रोल. दादानं ती सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकानं ईसीयू रिमॅप केलेला होता, सायलेन्सरचा पाइप मोठा घातला होता आणि डॅशबोर्डवर बूस्टचा काटा बसवला होता. गेल्या पावसाळ्यानंतर तिला खोड लागली. गोव्याहून येताना केरीच्या पुढे चोर्ला घाट चढायला लागलो, की तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबल्यावर काटा झपकन १ बारच्या वर जायचा आणि पुढच्याच क्षणी कुणी मागून धरल्यासारखी गाडी मरगळायची. चावी बंद करून पुन्हा सुरू केली की शहाणी. सकाळी थंड इंजिनावर तर काहीच तक्रार नाही.

एका गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच निकाल दिला, "टर्बो गेला." नव्या टर्बोचा खर्च ऐकून पप्पा म्हणाले, "विकून टाक ती." दादा दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही.

शेवटी मामा आले. ते उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामावर असतात, म्हणजे दाब मोजणं हाच त्यांचा धंदा. मी साहित्याची विद्यार्थिनी, माझं काम शेजारच्या सीटवर बसून लॅपटॉपवरचे आकडे वहीत लिहायचं. त्या दोन रविवारी जे समजलं ते इथे सांगते.

टर्बोच्या एका बाजूला इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण याला लगाम हवा, नाहीतर दाब वाढतच जाईल. नॉकिंग सुरू होऊन पिस्टनसुद्धा खराब होऊ शकतो. हा लगाम म्हणजे वेस्टगेट: एक छोटी झडप, जी उघडली की धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो.

ती उघडतो एक डबा, अ‍ॅक्च्युएटर. आत स्प्रिंग आणि पडदा. टर्बोनं तयार केलेल्या दाबाचाच थोडा भाग एका बारीक नळीतून डब्यात येतो, स्प्रिंगला हरवतो आणि दांडी ढकलून वेस्टगेट उघडतो. आमच्या गाडीत हे साधारण ०.४ बारला होतं. याहून जास्त बूस्ट हवा असेल, तर ईसीयू मध्ये बसवलेल्या एन-७५ नावाच्या व्हॉल्व्हकडून नळीतली थोडी हवा दुसरीकडे सोडून देतो. डब्याला वाटतं दाब अजून कमीच आहे, आणि तो गेट बंद ठेवतो. थोडक्यात, एन-७५ डब्याला फसवतो!

हे कळल्यावर माझी सगळी समजूत उलटी झाली. मला वाटायचं, कुठेही गळती असली की दाब कमी होणार. इंटरकूलरच्या मोठ्या पाइपाला चीर गेली तर तसंच होतं. गाडी ओढत नाही आणि पी ०२९९ असा कोड येतो. पण डब्याकडे जाणारी बारीक नळी फाटली, तर डब्याला खबरच मिळत नाही. गेट बंद राहतं आणि दाब वाढतो. आमचा कोड होता पी ०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट. दाब हाताबाहेर गेला की ईसीयू स्वतःच थ्रॉटल मिटून घेतो. ती मरगळ म्हणजे गाडी स्वतःला वाचवत होती. मामा म्हणाले, "अरे, मेलेला टर्बो कधी जास्त दाब देईल काय?"

आकडे वाचताना मी एकदा चांगलीच फसले. लॅपटॉप २२५० मिलिबार दाखवत होता आणि काटा १.३ बार. दोन्ही बरोबर होते. काटा बाहेरच्या हवेपासून मोजतो, लॅपटॉप शून्यापासून. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळे इथली हवाच जेमतेम ९२० मिलिबार भरते. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली की हा आकडा दिसतो. पहिली नोंद तीच करावी. ईसीयूनं मागितले होते १९००, मिळत होते २२५०. मागणी बरोबर, पुरवठा जास्त. म्हणजे दोष रिमॅपचा नाही.

मग मामांनी एन-७५ चा प्लग काढला. वीज नसली की तो व्हॉल्व्ह सगळा दाब सरळ डब्याकडे सोडतो, त्यामुळे बूस्ट स्प्रिंगच्या ०.४ वरच थांबायला हवा. जांबोटीच्या मोकळ्या रस्त्यावर, इंजिन चांगलं तापल्यावर, तो १ च्या पुढे गेला. दादानं लगेच पाय काढला. म्हणजे दोष विजेचा नाही, व्हॉल्व्हच्या पुढे कुठेतरी. घरी येऊन डब्याला हातपंप लावला. ०.३ च्या पुढे दांडी सरकली आणि पंप थांबवल्यावरही काटा जागचा हलला नाही. डबा ठीक, दांडी ठीक. उरली फक्त वीतभर नळी.

आधीच्या मालकानं हौसेनं निळी सिलिकॉनची नळी घातली होती, ती टर्बोच्या पत्र्याला टेकलेली. बाहेरून छान दिसत होती. सायकलचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो तशी मामांनी ती बादलीत धरून पंप मारला. आधी काहीच नाही. मग जरा वाकवली, तर खालच्या अंगाच्या चिरेतून बुडबुडे. गरम होऊन मऊ पडली की ही चीर उघडायची, म्हणून थंडपणी गाडी शहाणी.

दादाला त्याच दिवशी एन-७५ सुद्धा नवा घालायचा होता. मामांनी हात धरला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणती बिघडली होती ते कधीच कळत नाही. जाड, गरमी सोसणारी नळी आणि दोन क्लिपा, दोनशे रुपयांच्या आत. या वेळी ती पत्र्यापासून लांब बांधली. पुढच्या आठवड्यात घाटात मागणी १९००, मिळाले १९१०.

गिअर बदलताना मात्र गाडी अजून किंचित अडखळते. आधीच्या मालकानं "फुस्स" असा आवाज यावा म्हणून बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवलाय. मोजून घेतलेली हवा बाहेर जाते आणि ईसीयू तिच्या हिशोबानं पेट्रोल सोडून बसतो. तो काढायला दादा तयार नाही, त्याला आवाज आवडतो. आणि पप्पांनीही विकायचा विषय अजून पूर्ण सोडलेला नाही.