कापून टाकलेला तुकडाही कामाचा



थॅलेसेमिया हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. या आजारात बाळाच्या अंगात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही. आजार तीव्र असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. मुंबईत बोरिवली पूर्वेला महापालिकेचे अशा मुलांसाठी खास केंद्र आहे. हा आजार होतो कसा, ते आज समजून घेऊ.

आपल्या पेशींमध्ये जनुके असतात. जनुक म्हणजे अंगातला एखादा पदार्थ कसा बनवायचा याची लिहून ठेवलेली कृती. पेशी आधी तिची नक्कल उतरवते. ही नक्कल लगेच वापरता येत नाही. तिच्यात मध्ये मध्ये असलेले काही भाग कापून काढावे लागतात. त्यांना इंट्रॉन म्हणतात. उरलेले तुकडे जोडले, की तयार होतो संदेशवाहक आरएनए. हे १९७७ साली कळले. त्याबद्दल रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना १९९३ चे नोबेल मिळाले.

हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनचेच पाहा. त्याची कच्ची नक्कल सुमारे १,६०० अक्षरांची. त्यात दोन इंट्रॉन, एक १३० अक्षरांचा, दुसरा ८५० चा. म्हणजे निम्म्याहून जास्त भाग कापला जातो!

मग हा भाग फुकटचा का? नाही. प्रयोगशाळेत इंट्रॉन आधीच काढून पाहिले, तेव्हा बीटा ग्लोबिनचा संदेश फारच कमी तयार झाला. शिवाय कुठे कापायचे, याची खूणही इंट्रॉनच्या टोकांशीच असते.

ब्लाउज बेतताना खडूची खूण पुसट झाली, तर कात्री भलतीकडे चालते आणि तुकडे जुळत नाहीत. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वांत जास्त आढळणारा दोष असाच आहे. पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या जागी ‘जी’ऐवजी ‘सी’ हे अक्षर येते. एवढ्याने खूण बिघडते आणि कापणी बहुतेक वेळा चुकते. क्वचित ती बरोबर होते, पण तेवढे बीटा ग्लोबिन पुरत नाही.

हे जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे मिळते. एकच सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक असते. तिला सहसा त्रास नसतो, हिमोग्लोबिन थोडे कमी असते इतकेच. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले बाळ आजारी म्हणून पुढची तिन्ही निरोगी, असा हिशोब नसतो. आणि बोल एकट्या सुनेला लावू नका. आजार होतो तो दोन्हीकडून दोष आला तरच.

सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आहे, पण आजार इतर समाजांतही आढळतो. रक्ताच्या ‘एचबीए-२’ तपासणीतून वाहक ओळखता येतो. ही तपासणी लग्नाआधी करावी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तरी. दोघेही वाहक निघाले, तर दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते.

लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, “माझी थॅलेसेमियाची तपासणी करायची का?” गटाच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न जरूर मांडा.